दहा किलोमीटरच्या आत

मिझोरमच्या पूर्व टोकाला, चंफाई शहरापासून २५-३० किलोमीटरवर, झोखॉथर नावाचे गाव आहे. गावाच्या पायथ्याशी तियाऊ नदी वाहते, नदीवर पूल आहे आणि पुलापलीकडे म्यानमारच्या चिन राज्यातले रिहखॉदर हे गाव आहे. दोन्ही काठांवरची माणसे एकच भाषा बोलतात, एकाच पद्धतीने प्रार्थना करतात आणि पुष्कळदा एकमेकांची सोयरी असतात. २०२५ साली, सीमेवरच्या ये-जा करण्याचे नवे नियम लागू झाल्यानंतर, या पुलावरून एका वृद्ध बाईंना बहिणीच्या भेटीला पाठविण्याच्या कामात मी पहिल्या दाखल्यापासून पास परत जमा होईपर्यंत होतो. ते काम जसे झाले तसे येथे लिहीत आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, बँकेत नोकरीला, आणि त्या काळात चंफाईच्या शाखेत नेमणुकीवर होतो. झोखॉथरमध्ये बँकेच्या वतीने पैसे देण्याघेण्याचे काम करणारा एक स्थानिक तरुण होता व त्याच्या नोंदी तपासण्यासाठी मला तेथे अधूनमधून जावे लागे. ज्या बाईंविषयी मी लिहितो आहे त्या माझ्या एका मिझो सहकाऱ्याच्या आई. मी त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे ‘का पी’, म्हणजे आजी, म्हणत असे. त्यांची थोरली बहीण रिहखॉदरजवळच्या एका खेड्यात राहत होती व बरीच आजारी होती. सहकारी स्वतः आईबरोबर जाणार होता, परंतु त्याची बदली ऐझॉलला झालेली होती आणि त्याच्या आधार कार्डावरचा पत्ताही ऐझॉलचाच होता. नव्या नियमांप्रमाणे सीमेपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यालाच पास मिळतो, त्यामुळे सख्ख्या मावशीला भेटण्यास तो अपात्र ठरला. ‘तुम्ही त्या बाजूला जाणारच आहात, तर आईचे कागद तेवढे पाहा,’ असे त्याने फोनवर सांगितले आणि मी हो म्हटले.

पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन जाता येणार नाही का, हा प्रश्न कोणीही विचारील, मीही विचारला. २०१८च्या ऑगस्टमध्ये मणिपूरमधील मोरेबरोबर झोखॉथरचा हा पूलही पासपोर्ट-व्हिसा असणाऱ्यांसाठी खुला करण्यात आला होता. परंतु २०२१च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये चिन प्रतिकार दलांनी रिहखॉदरचा लष्करी तळ जिंकला. तेव्हापासून पुलाच्या पलीकडच्या टोकाला शिक्का मारणारे म्यानमार सरकारच नाही. आपल्या बाजूचे सर्व नियम दोन सरकारांतील समजुतीवर आधारलेले आहेत, आणि समोरच्या काठावर मात्र ते दुसरे सरकार उभे नाही, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात सतत जाणवत राहिली.

नियमांची थोडी पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. मिझो, चिन, कुकी अशी निरनिराळी नावे धारण करणारे हे एकाच कुळाचे लोक. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या डोंगरांवर मोहिमा काढल्या आणि कारभाराच्या सोयीसाठी लुशाई टेकड्या आसामच्या बाजूला व चिन टेकड्या ब्रह्मदेशाच्या बाजूला टाकल्या. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला तेव्हा ही कारभाराची रेघ देशांची सीमा झाली. स्वातंत्र्यानंतर दोन्ही सरकारांना वास्तवाची जाणीव होती, म्हणूनच १९५० साली पासपोर्टविषयक नियमांतून सीमेलगतच्या डोंगरी जमातींना सूट देण्यात आली. सीमेपासून ४० किलोमीटरपर्यंत त्यांनी पासपोर्टावाचून जावे-यावे व ७२ तासांपर्यंत राहावे, अशी ती सोय होती. १९६६ साली मिझो बंड झाले आणि १९६८ मध्ये परवान्याची पद्धत आली. २००४ साली ४० किलोमीटरचे १६ किलोमीटर झाले. २०१८च्या करारात वर्षभर चालणारा सीमापास आणि प्रत्येक भेटीत दोन आठवड्यांपर्यंतचा मुक्काम असे ठरले. करोनाने व त्यामागोमाग आलेल्या सत्तांतराने ती व्यवस्था विस्कटली. मणिपूरमध्ये २०२३च्या मे महिन्यात हिंसाचार उसळला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण भारत-म्यानमार सीमेवर कुंपण घालण्याचे व मुक्त संचाराची व्यवस्था रद्द करण्याचे जाहीर केले. मिझोरम विधानसभेने त्याच महिन्याच्या २८ तारखेला या दोन्ही निर्णयांविरुद्ध ठराव केला आणि लगेच दोन दिवसांनी, १ मार्चला, नागालँड विधानसभेनेही केला. शेवटी व्यवस्था पूर्णपणे रद्द झाली नाही. २०२४च्या डिसेंबरअखेर गृहमंत्रालयाच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि १६ किलोमीटरचे १० झाले, दोन आठवड्यांचे सात दिवस झाले, आणि ये-जा करण्यासाठी सीमेवर ४३ ठिकाणे निश्चित करण्यात आली. पास देण्याचे काम आसाम रायफल्सकडे, आणि पडताळणीत राज्याचे पोलीस व आरोग्य खाते सहभागी, अशी एकंदर रचना आहे.

का पींच्या घरी मी गेलो तेव्हा त्यांनी टेबलावर सगळे कागद आधीच मांडून ठेवले होते. मतदार ओळखपत्र, आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि चर्चच्या नोंदवहीतला बाप्तिस्म्याचा उतारा. बँकेतल्या सवयीने मी प्रथम नावे जुळवून पाहिली. मिझो नावे रोमन लिपीत लिहिली जातात आणि त्यांत ‘एच’ हे अक्षर कोठे येते व कोठे गळते याचा भरवसा नसतो. मतदार ओळखपत्रावर ते होते, आधारवर नव्हते. जन्मवर्षातही एका वर्षाचा फरक होता. ग्राहकांच्या खात्यांत अशी तफावत रोजच दिसते, त्यामुळे मला विशेष काळजी वाटली नाही, परंतु का पींना ती फार वाटली. त्यांची समजूत अशी होती की, बोटांचे ठसे एकदा संगणकात गेले की हा फरकही कायमचा तेथे राहील आणि कधीतरी कोणी त्यावरून विचारील की तुम्ही नक्की कोणत्या काठाच्या. ही भीती निराधार आहे असे मी त्यांना सांगितले खरे. पण माझ्या आजीला असा प्रश्न कधी पडला नव्हता आणि त्यांना तो पडतो, एवढे तरी मला कळत होते.

रहिवासाचा दाखला ग्रामपरिषदेच्या अध्यक्षांकडून घ्यायचा होता. मिझोरममध्ये प्रत्येक गावाला निवडून आलेली ग्रामपरिषद असते आणि तिच्या अध्यक्षाला गावातल्या प्रत्येक घराची माहिती असते. चहा होईपर्यंत त्यांनी का पींच्या बहिणीची विचारपूस केली, तिचे लग्न कोणत्या साली, कोणाशी झाले याची आठवण काढली आणि त्या लग्नाला आपले वडील गेले होते हेही सांगितले. त्या बोलण्यातून मला प्रथमच समजले की, थोरली बहीण जन्माने याच काठाची होती. सूट ४० किलोमीटरची असताना ती लग्न होऊन पलीकडे गेली, तेव्हा कागद कोणीच मागितला नाही आणि तिनेही काढला नाही. आज ती म्यानमारची रहिवासी आहे. हे सारे अध्यक्षांना तोंडपाठ होते, परंतु दाखल्याच्या नमुन्यात त्यातल्या कशालाही जागा नव्हती. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर, किती वर्षांपासून राहतात आणि गाव सीमेपासून किती अंतरावर आहे, एवढेच त्यांनी लिहिले, सही केली आणि शिक्का मारला.

मूळ अर्ज पुलाच्या अलीकडच्या नाक्यावर भरायचा होता. प्रवासाचे कारण विचारणारा एक रकाना होता. नातेवाइकांची भेट, औषधोपचार, व्यापार, पर्यटन, खेळ, सरकारी काम, सांस्कृतिक देवाणघेवाण अशी मान्य कारणे नियमांत दिलेली आहेत आणि ती पुष्कळ उदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. अडचण कारणात नव्हती, पत्त्यात होती. पलीकडच्या खेड्यात घरांना क्रमांक नाहीत. का पींनी मला चर्च, चर्चच्या वरची पाण्याची टाकी आणि टाकीच्या डावीकडचे पत्र्याचे घर असा पत्ता सांगितला व मी तो जमेल तसा इंग्रजीत उतरवला. बहिणीचा मुलगा फलामला राहतो, वाटल्यास तिकडेही जाऊन येईन, असे त्या सहज म्हणाल्या, तेव्हा फलाम १० किलोमीटरच्या फार पलीकडे असल्याने पासावर तेथे जाता येणार नाही, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. फलाम दूर आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. भाचा दूर राहतो म्हणून तो नातेवाईक म्हणून मोजला जात नाही, हे मात्र त्यांना पटत नव्हते.

ठसे घेण्याच्या वेळी यंत्राने उजव्या हाताची बोटे ओळखली नाहीत. आले लावण्यात आणि काढण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. आमच्याकडे अंगठ्यावर पैसे काढायला येणाऱ्या वृद्धांचे हेच होते. खिडकीतल्या तरुणाने घाई केली नाही, त्यांना हात धुऊन कोरडे करायला सांगितले, पुन्हा घेतले, आणि डाव्या हाताचे ठसे नीट उमटले. मग छायाचित्र झाले. नेटवर्क गेल्यामुळे बराच वेळ बसावे लागले. त्या वेळात रांगेतल्या लोकांशी माझे बोलणे झाले. त्यात औषधे घ्यायला अलीकडे आलेली एक बाई होती, डुकरांच्या व्यापारातला एक माणूस होता आणि पलीकडच्या लग्नाला निघालेले एक तरुण जोडपे होते. पलीकडून येणाऱ्यांना याखेरीज आणखी एक गोष्ट असते. ते ज्या घरी उतरतात तेथे जाऊन पोलिसांनी खात्री करायची अशी नियमांत तरतूद आहे. आरोग्य तपासणी झाली, क्यूआर कोड असलेला पास छापून हाती आला, आणि सात दिवसांच्या आत याच पुलावरून परत यायचे, दुसऱ्या ठिकाणाहून नाही, असे त्यांना मिझो भाषेत स्पष्ट सांगण्यात आले. पुलापर्यंत त्यांची पिशवी मी नेली. त्यापुढे जाण्याचा मला अधिकार नव्हता.

रिह दिल हे सरोवर तेथून तीन-एक किलोमीटरवर आहे. मृतांचे आत्मे परलोकी जाताना या सरोवरावरून जातात अशी मिझोंची मिशनरी येण्याआधीपासूनची श्रद्धा होती, आणि आज जवळजवळ सगळे ख्रिस्ती झाल्यावरही त्याच्याविषयीचा आदर कमी झालेला नाही. मिझोंचे सर्वांत मोठे सरोवर म्यानमारमध्ये आहे, असे तिथले लोक हसून सांगतात. पूर्वी बाहेरचे पाहुणेही ओळखपत्र दाखवून ते पाहून येत असत. नव्या नियमांनंतर ऐझॉलचा मिझो माणूसही या पासावर तेथे जाऊ शकत नाही. कोणाला हे छोटे प्रकरण वाटेल, कारण सरोवर न पाहिल्याने कोणाचे पोट उपाशी राहत नाही. मला मात्र यात नियमाची खरी घडण दिसते. पास रहिवासाला मिळतो, जमातीला नाही. १९५० ची सूट डोंगरी जमातींसाठी होती. आताची सोय एका पट्ट्यात घर असणाऱ्यांसाठी आहे. अंतर ४० वरून १० वर आले याची चर्चा पुष्कळ होते, हा बदल मात्र फारसा कोणी बोलून दाखवीत नाही.

सरकारची बाजू खोटी आहे असे मी म्हणणार नाही. झोखॉथरच्या वाटेने हेरॉइन आणि मेथअँफेटामीन या अमली पदार्थाच्या गोळ्या येतात, पकडलेल्या मालाच्या बातम्या चंफाईत नेहमी ऐकू येत, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव मिझो घरांवरच पडला आहे. यंग मिझो असोसिएशन या सामाजिक संघटनेची मुले रात्री जागून या व्यापारावर नजर ठेवतात. का पींच्या शेजारच्या घरातला मुलगा त्याच व्यसनात गेला होता, आणि पुलावर तपासणी असावी की नसावी असे कोणी त्यांना विचारले असते तर ‘असावी, आणि कडक असावी’ असेच उत्तर मिळाले असते. मोजले जाण्याला त्यांचा विरोध नव्हता. आपल्या नात्यांची व्याप्ती दुसऱ्याने किलोमीटरमध्ये ठरवावी याला होता.

माझे आजोळ निपाणीचे. सीमाभाग हा शब्द आमच्या घरात कधी सहज उच्चारला गेला नाही. पण निपाणीला मामाकडे जाताना माझ्या आईला कोणी पास मागितलेला नाही, आणि ती सीमा एका देशातल्या दोन राज्यांची आहे. तेव्हा दोन्हींची तुलना फार ताणू नये. तरीही झोखॉथरच्या नाक्यावर बसलेलो असताना निपाणी आठवली, हे खरे.

अधिक उपयोगी तुलना मिझोरममध्येच आहे. माझा धाकटा भाऊ मला भेटायला आला तेव्हा लेंगपुई विमानतळावर त्याला इनर लाइन परमिट घ्यावे लागले. बाहेरच्यांना या डोंगरांत येण्यासाठी परवाना लागावा, ही तरतूद १८७३ च्या बंगाल पूर्व सीमा विनियमातून आलेली आहे. इंग्रजांचा हेतू काहीही असो, आज मिझो लोक तिच्याकडे आपल्या जमिनीचे व समाजाचे संरक्षण म्हणून पाहतात. १९८६ च्या शांतता करारानंतर संविधानात ३७१-जी हे कलम आले आणि मिझो रूढी, धार्मिक व सामाजिक प्रथा, जमिनीची मालकी यांवरील संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय मिझोरमला लागू होत नाही असे ठरले. म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला रोखणारी रेघ कायद्याने भक्कम केलेली आहे. पूर्वेकडे नातेवाइकांकडे जाण्याची वाट मात्र प्रथमपासून केवळ नियमांतील सवलत म्हणून राहिली. परराष्ट्र आणि नागरिकत्व हे केंद्राचे विषय, त्यामुळे ३७१-जी तेथे कामाला येत नाही, आणि विधानसभेचा ठराव ही निव्वळ विनंती ठरते. बँकेत आम्ही ग्राहकाला सांगतो की सवलत वेगळी आणि हक्क वेगळा. सवलत परिपत्रकाने येते आणि परिपत्रकाने जाते. संसदेने २०२५ साली १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे रद्द करून आप्रवास व परदेशी नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा केला व तो १ सप्टेंबरपासून अमलात आला. सवलतीला हक्काचे रूप देण्याची वेळ असलीच तर ती होती. एवढ्या मोठ्या कायद्यात सीमेने दुभंगलेल्या जमातींसाठी स्वतंत्र प्रकरण असायला हरकत नव्हती, असे माझे मत आहे.

का पी सात दिवस पुरे होण्याआधीच परतल्या. बहिणीची प्रकृती सुधारलेली नव्हती आणि त्यांना आणखी राहायचे होते, परंतु मुदत उलटली तर पुढचा पास मिळणार नाही या धास्तीने त्या निघून आल्या. पास जमा झाला, नोंद झाली, आणि पुन्हा जायचे असल्यास नवा अर्ज करावा लागेल असे त्यांना सांगण्यात आले. मिझो समाजात कोणी गेले तर बहुधा दुसऱ्याच दिवशी दफन होते. कबर खणण्यासाठी तरुण मंडळी जमतात आणि नातेवाईक पुढच्या रात्री त्या घरात गाणी म्हणत बसतात. अशा वेळी दाखला, अर्ज, ठसे आणि तपासणी किती तासांत होईल, असे त्यांनी मला विचारले. नेटवर्क असेल तर एका दिवसात होईल, असे मी म्हणालो. रविवारी मिझोरममध्ये सगळे बंद असते, याची आठवण त्यांनीच मला करून दिली.

जुलैच्या आरंभी पलीकडे दोन चिन गटांतच लढाई जुंपली आणि सुमारे चार हजार माणसे पूल ओलांडून झोखॉथरला आली. त्यांत आजारी बहीण आणि तिचे कुटुंब होते. त्या गर्दीत पास कोणी विचारला नाही. गावाने आणि चर्चने त्यांची सोय केली, ऐझॉलहून माझा सहकारी रातोरात आला आणि ज्या मावशीला भेटण्याचा त्याला नियमाने मार्ग नव्हता तिला त्याने आपल्या आईच्या स्वयंपाकघरात बसलेली पाहिले. महिनाअखेरीस राज्यात म्यानमारच्या निर्वासितांची बायोमेट्रिक नोंदणी सुरू झाली. तोपर्यंत लढाई थंडावल्याने बहुतेक माणसे परत गेली होती. बहीण मात्र आजारपणामुळे राहिली होती, आणि नोंदणीसाठी तिचे नाव द्यावे की तिला आधीच पलीकडे न्यावे यावर घरात दोन मते पडली. सहकाऱ्याचे म्हणणे, नोंद असली की औषधपाण्याची सोय होईल. का पींचे म्हणणे, माझ्याच गावात जन्मलेल्या बहिणीला परदेशी म्हणून लिहून घेणाऱ्या यादीत मी माझ्या हाताने घालणार नाही. त्यांनी मला विचारले तेव्हा मी सहकाऱ्याच्या बाजूने बोललो. ते त्यांना आवडले नाही, आणि शेवटी बहिणीने स्वतःच नाव देण्याचे ठरवले.